बारदान धरून तेवीस किलो

नागपूरच्या विमानतळावर काउंटरमागच्या मुलीनं मला बॅग पट्ट्यावर ठेवायला सांगितली. समोरच्या छोट्या पडद्यावर लाल आकडे उमटले. सत्तावीस किलो तीनशे ग्रॅम.

"मॅडम, तेवीस चालतात. चार किलो जास्त आहे."

"तुमचा काटा चुकत असेल," मी म्हणाले. "ही बॅग माझ्या बाबांनी मोजली आहे."

हे मी अगदी मनापासून म्हणाले होते. ती मुलगी हसली नाही, याबद्दल मी आजही तिची आभारी आहे. तिनं बॅग खाली उतरवली, पुन्हा ठेवली. आकडा तोच आला. माझ्या मागे रांग होती, पुढे आयुष्यातलं पहिलं विमान होतं आणि काचेपलीकडे, तिकीट नाही म्हणून आत येऊ न शकलेले माझे आईबाप आणि आत्या उभे होते. बाबांनी दोन्ही हात काचेला टेकवले होते. आपण मोजलेली बॅग पास झाली का, एवढंच त्यांना बघायचं होतं.

या गोष्टीला नऊ वर्षं झाली. मी आता नेदरलँड्समध्ये असते, रॉटरडॅमपासून अर्ध्या तासावरच्या एका लहान गावात. दरवर्षी जून लागला की अंजनगावची, दर्यापूरची, अचलपूरची पोरंपोरी मला मेसेज करतात. ताई, कोणता देश निवडू? विमानतळावर किती आधी जाऊ? बॅगेत काय भरू, काय नको? मी सगळ्यांना उत्तरं देते, कारण मला सांगणारं तेव्हा कोणी नव्हतं. पण बॅगेबद्दलचं माझं खरं उत्तर मेसेजमध्ये मावत नाही. म्हणून ते एकदाच इथे लिहून ठेवते. जाणाऱ्यांसाठी, माझ्यासारख्या आधीच येऊन बसलेल्यांसाठी, आणि काचेपलीकडे उभे राहिले त्यांच्यासाठी.

आमचं घर अंजनगाव सुर्जीजवळ. पाच एकर काळी जमीन. तीन एकरांत भाजीपाला, दोनात तूर. पालक, मेथी, वांगी, टमाटे आणि सांबार, म्हणजे बाकी महाराष्ट्राची कोथिंबीर. बाबा सातवी शिकले, माय चौथी. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि हे मी कुठेही मान वर करून सांगते. कृषी पदवीच्या निकालाचा कागद बाबांनी देव्हाऱ्याशेजारी टांगला. त्याला हार घालू नका, मी अजून जिवंत आहे, हे त्यांना समजावून सांगावं लागलं.

अमरावतीच्या भाजीबाजारात बाबांचं नाव होतं ते वजनासाठी. आमच्या प्रत्येक कॅरेटवर लाल ऑइलपेंटनं 'म.ज.' लिहिलेलं असायचं. महादेव जयराम. माल विकला गेला की रिकामी कॅरेटं ज्याची त्याला परत मिळावीत, म्हणून सगळेच शेतकरी अशी अक्षरं टाकतात. पण 'म.ज.' दिसलं की अडत्या ते कॅरेट पुन्हा काट्यावर चढवत नसे. "महादेवभाऊचा माल हाये, मोजेलच असन," म्हणायचा. बाबांना याहून मोठा मान कोणी दिला नाही आणि त्यांनी मागितलाही नाही.

आमच्या धंद्यात वजनाची पहिली शिकवण बारदानाची. बारदान म्हणजे माल ज्यात भरला ते: पोतं, टोपलं, कॅरेट. आधी रिकामं बारदान मोजायचं, मग भरून मोजायचं, आणि पहिलं दुसऱ्यातून वजा करायचं. उरतो तो खरा माल. मला वजाबाकी शाळेत जायच्या आधी येत होती ती यामुळेच.

देश निवडतानाही आमच्याकडे बाजाराचीच पद्धत चालली. मला तीन ठिकाणी प्रवेश मिळाला होता. मी रात्रंदिवस फी, शिष्यवृत्ती, अभ्यासक्रम असं काय काय मांडून बसले होते. बाबांनी अंगणात बसून एकच प्रश्न तीनदा विचारला.

"ऑस्ट्रेलियात काय पिकते?"

"गहू. आणि मेंढ्या पुष्कळ."

"मेंढ्या आपल्याले काय कराच्या हायेत? जर्मनीत?"

"तिथं मशिनी बनतात बाबा, गाड्या बनतात."

"म्हंजे पिकत काई नाई. अन् तिसरं?"

मी सांगितलं की तिसऱ्या देशाचा बराच मोठा भाग समुद्राच्या पातळीखाली आहे. तिथल्या लोकांनी बांध घातले, पाणी उपसलं आणि तळातून जमीन काढली. त्या जमिनीवर ते टमाटे, ढोबळी मिरची, कांदे आणि फुलं पिकवतात आणि सगळ्या जगाला विकतात.

बाबांनी अंगणातली मूठभर माती उचलून चुरली. मग म्हणाले, "पानी उपसून वावर काढलं थ्या लोकायनं? मंग तिथंच जाय. कामाचे मानसं दिसतात."

एवढ्यावर ठरलं. आजही मला वाटतं, देश निवडायची याहून बरी रीत मला कोणी शिकवली नाही. नकाशा बघू नका, तिथले लोक कशासाठी राबतात ते बघा.

पुढचं सगळं मात्र बाबांच्या हाताबाहेरचं होतं. इंग्रजीची परीक्षा, व्हिसा, मुंबईची मुलाखत, बँकेचे कागद. ते प्रत्येक वेळी सोबत यायचे आणि बाहेरच्या बाकावर टोपी मांडीवर घेऊन बसायचे. आत काय झालं ते विचारायचे नाहीत. फक्त, "झालं का वं?" त्यामुळे विमानात तेवीस किलोची बॅग चालते असं मी म्हणाले तेव्हा ते ताडकन उठले. अखेर काहीतरी त्यांच्या कामाचं निघालं होतं.

बॅग त्यांनी भरली. मला हात लावू दिला नाही. टमाटे भरतात तशीच भरली: जड खाली, नाजूक वर आणि मध्ये कुठे रिकामी जागा नाही. "पोकळी राह्यली का माल हालते. हालला का दबते." तळाशी कुकर, त्यात तिखटाची पिशवी. बाजूला पुस्तकं, मायनं केलेल्या मुंगवड्या, जवसाची चटणी, स्वेटर. तरी कोपऱ्यांत फटी राहिल्याच. आत्यानं मला थंडीच्या देशासाठी अमरावतीहून सहा जोड्या जाड लोकरी मोजे आणले होते, मरून रंगाचे. बाबांनी त्या बारा मोज्यांमध्ये घरची तूरडाळ भरली, तोंडं सुतळीनं बांधली आणि एकेक मोजा फटीत खुपसला. माय म्हणाली, "अवो, पायात घालाचे हायेत थे!" बाबा म्हणाले, "तिथं जाऊन घालन. रिकामं कायले पाठवाचं?"

मग रिकाम्या बॅगेचं आधीच लिहून ठेवलेलं वजन त्यांनी पाहिलं: चार किलो तीनशे. शेडमधल्या काट्यावर भरलेली बॅग ठेवली: सत्तावीस तीनशे. वजा केलं. "निव्वळ तेवीस," ते म्हणाले, आणि बॅगेवर लाल ऑइलपेंटनं ठसठशीत 'म.ज.' काढलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नवी कोरी बॅग माझी.

विमान संध्याकाळी साडेपाचचं होतं. आम्ही घरून सकाळी सहाला निघालो, कारण बाबांच्या हिशेबानं उशिरा येणाऱ्याला बाजारात मागची जागा मिळते. भाजीचीच पिकअप होती. अमरावती वाटेतच, म्हणून तिथे पालक उतरवला आणि रिकाम्या कॅरेटांमध्ये माझी बॅग ठेवून नागपूर गाठलं तेव्हा बारा वाजले होते. दारातला जवान म्हणाला, "तीन घंटे पहले आइए." आम्ही पार्किंगच्या कडेला झाडाखाली चादर अंथरली. पोळ्या, वांग्याची भाजी, ठेचा. डोक्यावरून एक विमान गेलं तशी आत्या घास हातात धरून वर बघत राहिली. "एवढालं लोखंड कायच्या भरोशावर वर राह्यते वं? अन् तू त्याच्यात बसून राहिली!" माय म्हणाली, "तुमी जरा चूप बसा ना बाई." तेवढा वेळ आम्ही खूप हसलो.

आता परत काउंटरपाशी येते.

मी बाबांना फोन लावला. काचेतून ते दिसत होते.

"बाबा, बॅग जास्त भरली."

"किती?"

"सत्तावीस तीनशे."

"मंग बरोबर हाये ना. चार-तीनशे बारदान. निव्वळ तेवीस."

"बाबा, हे बारदान धरून मोजतात."

काचेवरचा त्यांचा एक हात खाली आला. "बारदान कोन धरते, बाई? मोजाचा असते थो माल."

"विमानात बॅगेसकटच मोजतात, बाबा."

चूक एकट्या त्यांची नव्हती. तेवीस किलोचा नियम मी वाचला होता, मीच सांगितला होता. पण मीही त्याच शेडमध्ये वाढलेली. बारदान मोजत असतील हे माझ्याही डोक्यात आलं नाही.

मग फोनवर आवाज आला, अगदी बारीक. "माह्यामुळं तुह्यं विमान हुकन का?"

त्या काउंटरवरच्या मुलीनं ते ऐकलं असावं. ती म्हणाली, "बाहेरच्या दारापाशी जाऊन जास्तीचं सामान घरच्यांना देऊन या. परत आलात की रांगेत थांबू नका, सरळ माझ्याकडे या." दारातल्या जवानानं घड्याळ बघितलं, माझ्या मागच्या ट्रॉलीकडे बघितलं आणि बाजूला झाला. त्या दोघांची नावं मला माहीत नाहीत. माझं सगळं पुढचं आयुष्य त्यांच्या त्या पाच मिनिटांवर उभं आहे.

दाराशी मी बॅग उघडली. आत्या बाहेरून सूचना देऊ लागली, "पुस्तकं काढ, पुस्तकं तिथं बी भेटतात! कुकर नोको काढू!" माय म्हणाली, "मुंगवड्या काढ, हलक्या हायेत." "हलक्या काढून काय फायदा वं?" आत्या तिच्यावर ओरडली. बाबांनी दोघींकडे लक्षच दिलं नाही. खाली वाकले आणि फटींमधून एकेक मोजा ओढून काढू लागले. कोणती वस्तू कुठे आहे ते त्यांना न बघता ठाऊक होतं. बारा मोजे निघाले. रिकामे करायला वेळ नव्हता. त्यांनी खांद्यावरच्या दुपट्ट्यात ते गुंडाळून छातीशी धरले.

"बस. झालं आता," ते म्हणाले. "जाय तू. आमचं वजन आमच्या बाजारापुरतंच हाये."

बॅग पुन्हा ठेवली. बावीस किलो नऊशे. मी काचेकडे वळून अंगठा दाखवला. माय आणि आत्यानं हात हलवले. बाबांचे दोन्ही हात डाळीत अडकलेले होते. त्यांनी नुसती मान हलवली, तीही खाली बघून.

आनंदाच्या त्या दिवसातून मी सोबत आणलेली एकमेव जड गोष्ट म्हणजे बाबांचं ते बाजारापुरत्या वजनाचं वाक्य. ते कुठल्याच काट्यावर आलं नाही.

नेदरलँड्समध्ये मी उतरले ती पायात होती तेवढी मोज्यांची एकच जोडी घेऊन. सामानाच्या पट्ट्यावर शेकडो काळ्या बॅगा एकसारख्या फिरत होत्या आणि त्यांत लांबूनच लाल 'म.ज.' चमकलं. तेव्हा मात्र मला त्या पेंटची लाज वाटली नाही. माझ्या आधी माझ्या बापाचं नाव पट्ट्यावर येऊन उभं होतं.

मिप नावाच्या बाईंच्या घरात वरची खोली मी भाड्यानं घेतली होती. सत्तरीच्या, उंच, बोलायला फटकळ, थेट आमच्या आत्यासारख्या. मी रोज तीच जोडी धुऊन हीटरवर वाळत घालते हे त्यांनी पाहिलं. चौथ्या दिवशी माझ्या दाराबाहेर एक विणलेली निळी जोडी ठेवलेली होती. मी आभार मानायला गेले आणि माझे मोजे कुठे राहिले ते सांगितलं. त्या इतक्या हसल्या की खुर्चीत बसल्या. "तुमच्याकडे डाळ मोज्यात ठेवतात?" म्हटलं, नाही, फक्त माझे बाबा ठेवतात. ती निळी जोडी विरली, टाचा फाटल्या, तरी मी ती टाकलेली नाही.

शिक्षण झालं, नोकरी लागली. इथं काचेच्या मोठाल्या हरितगृहाला नुसतं 'कास' म्हणतात. अशा अनेक कासमधून टमाटे आमच्या पॅकिंग-हॉलमध्ये येतात आणि त्यांचा दर्जा बघणं हे माझं काम. म्हणजे फिरून फिरून मी कॅरेटांमध्येच येऊन उभी राहिले. फरक एवढाच की इथं टमाट्याला थंडी वाजू नये याची काळजी करायला चार यंत्रं आहेत. आमच्याकडे ती काळजी माय गोणपाट टाकून करते.

मी दर दीड-दोन वर्षांनी घरी जायची. सगळे भेटायचे, पुरणपोळी व्हायची, बाबा बाजारभाव सांगायचे. पण परत निघायच्या आदल्या दिवशी मी बॅग ओढत शेडमधल्या काट्याकडे नेली की त्यांना नेमकी मोटार बंद करायची आठवण यायची. उठून वावरात निघून जायचे. नागपूरला सोडायला ते पुन्हा कधी आले नाहीत. अंजनगावच्या बसस्टँडवर निरोप. "पोचली का फोन करजो," एवढंच.

इकडे या म्हणून मी दरवर्षी मागे लागायची. तिकीट पाठवते, व्हिसाचं मी बघते. एकच उत्तर: "मंग पालक कोन तोडन?" एकदा मी चिडून मायला म्हणाले, की बाबांना विमानाची भीती वाटते का?

"भेव नाई वं," माय म्हणाली. "लाज. तुले थ्या दिवशी काचेमागून काय दिसलं असन? आमी परत जातानी मानूस नागपूर ते अंजनगाव एक शब्द बोलला नाई. मांडीवर मोजे घेऊन बसेल होता. थे मोजे मी रिकामे करून पेटीत ठेवले तर म्हने, राहू दे, थे तिचे हायेत."

हे मला सात वर्षांनी कळलं. त्यांच्या हाताला जे येत होतं तेवढं एकच त्यांनी माझ्या प्रवासाला दिलं होतं, आणि तेच परत आलं होतं. मी कितीही समजावलं तरी त्याचं काय होणार होतं? मुलीच्या समजुतीनं बापाची ही लाज जात नाही.

ती गेली ती एका कॅरेटमुळे. मागच्या वर्षी मी दुपारच्या सुट्टीत हॉलमधून व्हिडिओ कॉल केला. बाबांना टमाट्याचा रंग दाखवत होते. मागे आमचा एक सहकारी काट्यावर रिकामं कॅरेट ठेवत होता.

"थांब," बाबा म्हणाले. "फोन तिकडं कर. थ्यानं आत्ता काय दाबलं?"

"ते 'टारा'चं बटण आहे. रिकामं कॅरेट ठेवून दाबायचं, की आकडा शून्यावर येतो. मग टमाटे टाकायचे."

"कायले?"

"कॅरेटचं वजन वजा व्हायला."

फोनमध्ये बाबांचा चेहरा इतका जवळ आला की नुसतं नाक दिसत होतं. "म्हंजे... थे लोक बी बारदान वजा करतात?"

"हो बाबा. माल मोजणारे सगळेच करतात. सगळ्या जगात. फक्त विमानवाले करत नाहीत."

"मंग थे विमानवालेच येडे हायेत!" बाबा ओरडले. मागून मायचा आवाज आला, "काय झालं हो?" "काई नाई. तू तुह्यं काम कर."

चौथ्या दिवशी मायचा फोन. आवाज दबलेला, जणू चोरी सांगतेय. "आयकून राहिली का? तुह्या बापानं आज पासपोर्टचं इचारलं."

यंदाच्या मे महिन्यात ते दोघं आले. वावर आत्यानं सांभाळलं. तिनं जाहीर केलं होतं की तिचा त्या लोखंडावर अजून भरोसा नाही. ॲमस्टरडॅमच्या विमानतळावर मी दारापाशी उभी होते. तिथं बाहेर थांबणारी मी आणि आतून येणारे ते, हे जरा वेळ डोक्यात बसेना. आधी ट्रॉलीवरची बॅग दिसली, 'म.ज.', ताज्या लाल पेंटमध्ये. मग तिच्यामागे बाबांची टोपी.

मायनं मला मिठी मारायच्या आधीच सांगून टाकलं. "नागपूरले बॅग तेवीस भरली. एक चिमट इकडं तिकडं नाई. काट्यावरच्या पोरीनं दोन डाव पाह्यलं. अन् हे तिले म्हनतात, 'बारदान धरून हाये बरं, बाई.' तिले काई समजलंच नाई!"

"तिले समजाची गरज नाई," बाबा म्हणाले.

घरी येऊन त्यांनी स्वतः बॅग उघडली. मला बाजूला बसवलं. कपडे काढले, चटणीचा डबा काढला. मग कोपऱ्यातल्या फटींमध्ये हात घातला आणि एकेक मरून मोजा काढून माझ्यापुढे मांडत गेले. तोंडाला सुतळी, आत डाळ. बारा.

"तुह्ये चार किलो राह्यले होते," ते म्हणाले.

मी रडले. लपवून काय करू? माय म्हणाली, "पाह्य, मी सांगतलं होतं, रडन म्हनून." बाबा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "डाळ यंदाची हाये. जुनी नोको समजू."

मी त्यांच्यासाठी मोठी यादी केली होती. पॅरिसचा लोखंडी मनोरा, स्वित्झर्लंडचे डोंगर, कालव्यांतली बोट. बाबांनी यादी ऐकून घेतली. "डोंगर आपल्या चिखलदऱ्याले हायेत. तू रोज सकाळी जाते थे दाखव." मायची मागणी याहून सोपी. "मले मोजेवाली बाई पाह्यची हाये." जी मुलं मला विचारतात ना, की युरोपात आईबाबांना कुठे कुठे न्यावं, त्यांना माझं सांगणं आहे: आधी त्यांना विचारा. मी त्यांना बोटीतही बसवलं, पण त्या फोटोंत दोघंही ओळखपत्राला बसल्यासारखे दिसतात.

हॉलमध्ये मी बाबांना काट्यापाशी नेलं. त्यांनी स्वतः रिकामं कॅरेट ठेवलं, टाराचं बटण दाबलं, शून्य आलं. कॅरेट उचललं, परत ठेवलं, परत दाबलं. मग एक भरलेलं कॅरेट दोन हातांनी उचलून क्षणभर तोललं आणि म्हणाले, "सव्वापाच. निव्वळ." काट्यावर पाच किलो दोनशे चाळीस आले. माझे सहकारी गोळा झाले. दुसऱ्या कॅरेटलाही तसंच झालं. टाळ्या पडल्या. तिसऱ्याला ते शंभर ग्रॅमनं चुकले, तर हात झटकून म्हणाले, "थंडीनं हात बधिर झाला." मी ते भाषांतर करून सांगितलं तसा आमचा हॉलचा मुख्य माणूस गंभीरपणे मान हलवून त्यांच्यासाठी गरम कॉफी घेऊन आला. नऊ वर्षांपूर्वी काचेपलीकडे खाली गेलेली ती मान मी त्या दिवशी वर आलेली पाहिली.

मायनं मिपबाईंची ओटी भरली. खण घरून आणला होता, तांदूळ आणि संत्रं इथल्या दुकानातलं. दोघींना एकमेकींच्या भाषेतलं अक्षरही कळत नव्हतं. तरी तासभर बोलल्या. निघताना मायनं त्यांचे दोन्ही हात धरून ठेवले आणि मला म्हणाली, "सांग त्यायले, माह्या लेकीचे पाय यायनं झाकले." मी सांगितलं. मिपबाई फटकळ आहेत, पण तेव्हा त्यांनी वाकून मायला जवळ घेतलं.

परतीच्या दिवशी बॅग बाबांनीच मोजली, माझ्या घरातल्या छोट्या काट्यावर, बॅगेसकट. विमानतळावर आत जायच्या रेषेपाशी मी त्यांच्या पाया पडले. ते दोन पावलं गेले आणि परत आले. मला वाटलं, काही विसरलं.

"डाळ सरली का मोजे धुऊन ठेवजो," ते म्हणाले. "घालू नोको. माल ठेवून घ्याचा असते, बारदान वापस कराचं असते. दिवाळीले आनून देजो."

माय हसली. त्यांनी वळून पाहिलं नाही.

पुष्कळजण मला विचारतात, आता तुझं घर कोणतं. मी इथं पगार घेते, इथली भाषा बोलते, निघताना 'दाग' म्हणून हात हलवते. हा देश मला आवडतो आणि त्यानं मला पुष्कळ दिलं. ते ठेवून घ्यायचं, यात मला अपराधी वाटत नाही. बाबांनीच मला ते घ्यायला पाठवलं होतं. पण ज्यात भरून मी इथपर्यंत आले ते माझं नाही. त्याच्यावर दुसऱ्याची अक्षरं आहेत आणि ते ज्याचं त्याला नेऊन द्यायचं असतं. तेवढ्यासाठी जिथे जावंच लागतं, त्याला मी घर म्हणते.

डाळ गेल्या आठवड्यात संपली. दिवाळीचं तिकीट काढून झालं आहे. मोजे धुतले, वाळवले, सुतळ्याही गुंडाळून ठेवल्या. घरी पोचले की बाबा चहाच्या आधी बॅग उघडतील आणि मोजतील. बारा पाहिजेत. अकरा चालायचे नाहीत.